'आढळले नाही' या शेऱ्याची चिकित्सा : चंद्रपूर–गडचिरोलीतील स्फोटक-अवशेष आणि द्रव-वर्णलेखन पद्धती

प्रस्तावना

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांची ओळख वेगवेगळ्या दिशांनी घडत गेली. कोळसा, चुनखडी, सिमेंट आणि औष्णिक वीज ही चंद्रपूरची ओळख ठरली. क्षेत्रफळाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक वनाच्छादन आणि दीर्घकाळ चाललेला सशस्त्र संघर्ष ही गडचिरोलीची ओळख ठरली. तथापि एक बाब दोन्ही जिल्ह्यांत समान राहिली आहे. येथील भूमीत अनेक दशके स्फोटके वापरली जात आहेत. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, सास्ती, माजरी या परिसरांतील कोळसा खाणींत दगडाचे थर फोडण्यासाठी ब्लास्टिंग करावे लागते. भद्रावती येथे आयुध निर्माणी आहे. गडचिरोलीच्या रस्त्यांवर भूसुरुंगांचे स्फोट झाले आहेत. कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी झालेल्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले.

स्फोटात सर्वच द्रव्य नष्ट होत नाही. काही कण न जळता मातीत पडतात, पावसाच्या पाण्याबरोबर वाहतात आणि जमिनीत मुरतात. हे अवशेष ओळखण्यासाठी आणि मोजण्यासाठी आज जी पद्धत जगभर प्रमाण मानली जाते ती लिक्विड क्रोमॅटोग्राफी, म्हणजे द्रव-वर्णलेखन. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे गुणदोष येथील भूमीच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे. प्रयोगशाळेच्या अहवालातील 'आढळले' आणि 'आढळले नाही' हे दोन्ही शेरे मातीविषयी जेवढे सांगतात, तेवढेच पद्धतीविषयीही सांगतात. पद्धतीचा तपशील वगळून शेरा वाचला तर एकीकडे लोकांच्या पिण्याच्या पाण्याविषयी आणि दुसरीकडे एखाद्या आरोपीच्या स्वातंत्र्याविषयी चुकीचा निर्णय होऊ शकतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

पद्धतीचे स्वरूप आणि सामर्थ्य

टीएनटी, आरडीएक्स, एचएमएक्स ही लष्करी स्फोटके सेंद्रिय संयुगे आहेत. वायु-वर्णलेखनात नमुना तापवून त्याची वाफ करावी लागते आणि त्या तापमानाला आरडीएक्स व एचएमएक्स यांचे विघटन होऊ लागते. द्रव-वर्णलेखनात नमुना तापवावा लागत नाही. तो द्रवात विरघळवून उच्च दाबाखाली एका बारीक कणांच्या स्तंभातून पाठविला जातो. प्रत्येक संयुग स्तंभाला कमी-अधिक काळ धरून राहते आणि आपापल्या वेळी बाहेर पडते. बाहेर पडताना ते किती अतिनील प्रकाश शोषून घेते यावरून त्याचे प्रमाण ठरते. स्वभावतः अस्थिर असलेल्या पदार्थांना न बिघडविता वेगळे करणे हे या पद्धतीचे मुख्य सामर्थ्य होय.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रसिद्ध केलेली ८३३० क्रमांकाची पद्धत या क्षेत्रात आधारभूत मानली जाते. तिच्या मूळ यादीत १४ संयुगे आहेत. माती हवेत वाळवून, चाळून, तिचे २ ग्रॅम घेऊन ॲसिटोनायट्राइल या द्रावकात १८ तास ध्वनिलहरींच्या थंड पात्रात ठेवले जाते. नंतर तो अर्क गाळून समप्रमाणातील मिथेनॉल व पाणी यांच्या प्रवाहाबरोबर स्तंभातून नेला जातो आणि २५४ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजणी होते. एका स्तंभावर दिसलेले शिखर दुसऱ्या, वेगळ्या गुणधर्माच्या स्तंभावर पडताळून पाहणे या पद्धतीत आवश्यक मानले आहे. पहिल्या स्तंभातून सर्वांत आधी बाहेर पडणारे एचएमएक्स दुसऱ्या स्तंभातून सर्वांत शेवटी बाहेर पडते. एखादे परके द्रव्य दोन्ही स्तंभांवर एचएमएक्सचीच वेळ पाळेल ही शक्यता फार कमी असते. या दुहेरी पडताळणीवरच अहवालाची विश्वासार्हता उभी राहते.

यादीबाहेरची स्फोटके

ही पद्धत ज्या गरजेतून निर्माण झाली तिचा विचार केला म्हणजे तिच्या मर्यादा स्पष्ट होतात. लष्करी सरावक्षेत्रे आणि दारूगोळा भरण्याची ठिकाणे यांच्या आसपासची माती व पाणी तपासणे हा तिचा हेतू होता. टीएनटीयुक्त सांडपाणी सूर्यप्रकाशात गुलाबी होते. त्यामुळे अशा कारखान्यांच्या सांडपाण्याला जगभर 'गुलाबी पाणी' म्हटले जाते. केप कॉड येथील लष्करी क्षेत्राखालील भूजलाच्या चिंतेमुळे तेथील प्रत्यक्ष दारूगोळ्याचा सराव थांबविण्याचा आदेश १९९७ मध्ये देण्यात आला. ८३३० पद्धतीची यादी अशाच लष्करी क्षेत्रांच्या गरजेतून घडली आहे. भद्रावतीसारख्या ठिकाणच्या नियमित निरीक्षणासाठी ती उपयुक्त आहे, यात शंका नाही.

चंद्रपूरच्या खाणींतील परिस्थिती मात्र निराळी आहे. खाणींत वापरल्या जाणाऱ्या स्फोटकांचा बहुतांश भाग अमोनियम नायट्रेटवर आधारलेला असतो. भारतात नायट्रोग्लिसरीनयुक्त स्फोटकांचे उत्पादन २००४ मध्ये बंद झाल्यावर स्लरी आणि इमल्शन या प्रकारांचे स्थान अधिकच पक्के झाले. अमोनियम नायट्रेट पाण्यात आयनांच्या रूपात विरघळते. असे आयन ८३३० पद्धतीच्या स्तंभावर थांबत नाहीत आणि २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात जवळपास दिसत नाहीत. म्हणजे खाणीत ज्या स्फोटकाचा वापर सर्वाधिक, तेच या पद्धतीला अदृश्य राहते. अमोनियम आणि नायट्रेट मोजण्यासाठी आयन-वर्णलेखन ही वेगळी मांडणी लागते.

खाणीतील स्फोट घडवून आणणारी दोर आणि बूस्टर यांत पीईटीएन व टीएनटी असतात, त्यामुळे काहीतरी दिसेल असे म्हणता येईल. परंतु तेथेही सावधगिरी हवी. पीईटीएन २५४ नॅनोमीटरला प्रकाश फारसा शोषत नाही. त्यासाठी २१० नॅनोमीटरची मोजणी करावी लागते. २००६ मधील सुधारित '८३३०-बी' पद्धतीत पीईटीएन आणि नायट्रोग्लिसरीन यांचा समावेश करून ही उणीव भरून काढण्यात आली. मूळ पद्धतीनेच काम करणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र पीईटीएनचा शोध घेतलेलाच नसतो. रानडुकरांसाठी पेरल्या जाणाऱ्या क्लोरेटयुक्त गावठी बॉम्बची गोष्टही अशीच आहे. वनक्षेत्रातील हा धोका या यादीत कोठेही बसत नाही.

यावरून एक साधा नियम निघतो. 'स्फोटक-अवशेष आढळले नाहीत' असे विधान कोणत्याही अहवालात असू नये. 'पुढील संयुगे शोधली, ती आढळली नाहीत' एवढेच विधान शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय आहे.

शोधमर्यादा आणि आरोग्यमर्यादा

संयुग यादीत असले तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतो : ते किती कमी प्रमाणात ओळखता येते? आरडीएक्सचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पिण्याच्या पाण्यातील आरडीएक्ससाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सुचविलेली आजीवन आरोग्यमर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. टीएनटीसाठीही ती तेवढीच आहे. ८३३० पद्धतीत पाण्याचा नमुना थेट यंत्रात सोडला तर आरडीएक्सची शोधमर्यादा लिटरला सुमारे १४ मायक्रोग्रॅम येते. मिठाच्या साहाय्याने द्रावकात ओढून नमुना संहत केला तर ती १ मायक्रोग्रॅमच्या खाली जाते. पहिला मार्ग सोपा, स्वस्त आणि जलद आहे. दुसरा वेळखाऊ आहे. सोपा मार्ग निवडणाऱ्या प्रयोगशाळेचा 'आढळले नाही' हा शेरा आरोग्यमर्यादेच्या सातपट आरडीएक्स असलेल्या पाण्यालाही लागू पडू शकतो. शेरा खोटा नसतो. परंतु विहिरीचे पाणी पिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो निरर्थक ठरतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या १०५०० क्रमांकाच्या मानकात (२०१२) नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम अशी दिली आहे. आरडीएक्स किंवा टीएनटी यांच्यासाठी त्यात मर्यादा नाही. जेथे मर्यादा नाही तेथे तपासणीची सक्ती नाही आणि जेथे तपासणी नाही तेथे मर्यादा ठरविण्यासाठी लागणारी माहितीही साठत नाही. आरडीएक्स मज्जासंस्थेवर आणि टीएनटी रक्त व यकृतावर परिणाम करते, हे ज्ञात आहे. त्यामुळे दारूगोळ्याशी संबंधित क्षेत्रांसाठी तरी अशी मर्यादा ठरविणे ही धोरणाची बाब म्हणून पुढे यावयास हवी.

नमुना, माती आणि ऋतुमान

विश्लेषणातील सर्वांत मोठी चूक बहुधा यंत्रात होत नाही; ती यंत्रापर्यंत नमुना पोहोचण्यापूर्वीच झालेली असते. स्फोटकांचे अवशेष जमिनीवर खतासारखे सारखे पसरत नाहीत. ते कणांच्या रूपात विखुरतात. एका ठिकाणी उचललेल्या मातीत भरपूर प्रमाण आढळावे आणि हातभर अंतरावर काहीच आढळू नये, असे घडते. या कारणाने '८३३०-बी' पद्धतीत एका क्षेत्रातून ३० किंवा त्याहून अधिक ठिकाणची थोडी थोडी माती एकत्र करून, दळून, त्यातील १० ग्रॅम घेण्याची शिफारस आहे. एका खड्ड्यातील एकाच ओंजळीवरून संपूर्ण परिसराविषयी काढलेला निष्कर्ष कितीही अचूक यंत्राने मोजला तरी अविश्वसनीय राहतो.

मातीच्या स्वरूपाचाही विचार आवश्यक आहे. सागवान आणि मिश्र पानझडी वनांतील जमिनीवर दरवर्षी पाचोळा कुजतो. त्यातून निघणारी सेंद्रिय द्रव्ये २५४ नॅनोमीटरलाच प्रकाश शोषतात. किंबहुना पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यांचा अंदाज घेण्यासाठी हीच तरंगलांबी वापरली जाते. ही द्रव्ये स्तंभातून लवकर बाहेर पडतात आणि एचएमएक्स व आरडीएक्स हीदेखील पहिल्या काही मिनिटांतच येतात. म्हणून वनक्षेत्रातील नमुन्यात या दोन शिखरांवर नैसर्गिक द्रव्यांची सावली पडण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी दुसऱ्या स्तंभावरील पडताळणी किंवा मास स्पेक्ट्रोमीटरची जोड यांना पर्याय नाही. त्याच वनातील, स्फोटाशी संबंध नसलेल्या जागेचा नमुना तुलनेसाठी घेणेही तितकेच महत्त्वाचे ठरते.

तिसरा घटक काळाचा आहे. मातीतील सूक्ष्मजीव टीएनटीचे अमिनो-डायनायट्रोटोल्युइन या दोन संयुगांत रूपांतर करतात आणि ती मातीतील सेंद्रिय द्रव्याला चिकटून बसतात. आरडीएक्स मातीला फारसे धरून राहत नाही. ते पावसाच्या पाण्याबरोबर भूजलाकडे जाते. उष्ण आणि ओल्या ऋतूत या क्रिया वेगाने होतात. म्हणून पावसाळ्यानंतर मातीत टीएनटी न मिळणे स्वाभाविक आहे. तेथे त्याच्या रूपांतरित संयुगांचा आणि विहिरीत आरडीएक्सचा शोध घ्यावयास हवा. अमिनो संयुगांच्या जोडीतील अंतर स्तंभावर अवघे पाव मिनिट असते, हेही विसरता येत नाही. शिवाय पाण्याचा नमुना अंधारात, सुमारे ४ अंश सेल्सियसला ठेवून ७ दिवसांत आणि मातीचा १४ दिवसांत अर्कासाठी घेतला जावा, असा संकेत आहे. पर्लकोटेच्या पुरामुळे पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या भामरागडहून नागपूरच्या प्रयोगशाळेपर्यंत बर्फातील नमुना पोहोचविणे ही व्यवस्थेची कसोटी आहे. वाटेत बिघडलेला नमुनाही 'आढळले नाही' असाच शेरा मिळवितो.

'आढळले' या शेऱ्याचा धोका

आतापर्यंत विचार केला तो न आढळण्याचा. न्यायवैद्यक क्षेत्रात याच्या उलट प्रश्न उभा राहतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांनंतर सहा जणांना १९७५ मध्ये जन्मठेप झाली. त्यांच्या हातांवरील नायट्राइटच्या रंगपरीक्षेला त्या खटल्यात मोठे महत्त्व मिळाले होते. पुढे ती परीक्षा स्फोटकांखेरीज इतर नित्याच्या वस्तूंनाही प्रतिसाद देते हे स्पष्ट झाले आणि १४ मार्च १९९१ रोजी त्या शिक्षा रद्द झाल्या. त्याच वर्षी मॅग्वायर प्रकरणातील सात जणांच्या शिक्षाही रद्द झाल्या. १९७६ मध्ये पातळ-थर वर्णलेखनाच्या आधारे त्यांच्या हातांवर नायट्रोग्लिसरीन असल्याचे ठरविण्यात आले होते. हातांवर ते निरपराधपणे, दुसऱ्या वस्तूवरून आले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे पुनर्विचारात आढळले. सातांपैकी एकाचा तोपर्यंत तुरुंगवासातच अंत झाला होता.

या दोन प्रकरणांचा चंद्रपूर–गडचिरोलीशी संबंध उघड आहे. येथे खाणकामगार, सुरुंग लावणारे कारागीर आणि स्फोटके वाहून नेणारे चालक यांच्या हाता-कपड्यांवर अमोनियम नायट्रेटचे अंश असणे व्यवसायाचाच भाग आहे. खत हाताळणाऱ्या शेतकऱ्याच्या हातावरही अमोनियम वा नायट्रेट असू शकते. म्हणून केवळ नायट्रेट आढळले यावरून गुन्ह्याशी संबंध जोडणे तर्काला धरून नाही. द्रव-वर्णलेखन रंगपरीक्षेपेक्षा निश्चितच श्रेष्ठ आहे. ते संयुगाचे नाव सांगते. परंतु ते संयुग हातावर कसे आले, हे कोणतेही यंत्र सांगत नाही.

आपल्या कायद्याच्या रचनेमुळे या मुद्द्याचे गांभीर्य वाढते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीसाठी न बोलावताही पुराव्यात वाचता येत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये तीच तरतूद कायम आहे. आवश्यक वाटल्यास न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकते. प्रयोगशाळांवरील कामाचा भार पाहता या तरतुदीची सोय समजण्यासारखी आहे. तथापि जेथे तज्ज्ञ समोर नसतो तेथे त्याच्या वतीने कागदालाच बोलावे लागते. अहवालात पद्धत, शोधमर्यादा, कोऱ्या नमुन्याचा निकाल आणि दुसऱ्या स्तंभावरील पडताळणी यांचा उल्लेख नसेल, तर प्रश्न कोणते विचारावयाचे हेही आरोपीच्या वकिलाला कळत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून द्रव-वर्णलेखन पद्धती सदोष आहे असा निष्कर्ष निघत नाही. ज्या प्रश्नासाठी ती बनली आहे त्याचे उत्तर ती उत्तम देते. दोष आहे तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडण्यात. स्फोटानंतरच्या तपासाला 'कोणते द्रव्य वापरले' हे हवे असते. गावाला 'पाणी पिण्यास योग्य आहे काय' हे हवे असते. पहिल्या प्रश्नामागे खटल्याची निकड असते. दुसऱ्यामागे तशी निकड नसल्याने तो विचारलाच न जाण्याची भीती अधिक. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव याने आपल्या साथीदारांसह गडचिरोलीत शरणागती पत्करली. संघर्ष ओसरत जाईल तशी तपासाची गरजही कमी होईल. खाणकाम मात्र चालू राहील. म्हणून दुसऱ्या प्रश्नाची व्यवस्था पहिल्यावर अवलंबून ठेवणे योग्य नाही.

त्या दृष्टीने काही गोष्टी आजही शक्य आहेत. खाणींच्या परिसरात ८३३० पद्धतीबरोबर आयन-वर्णलेखनाची जोड द्यावी. नायट्रेटचा उगम ठरविण्यासाठी नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांचे मापन उपयोगी पडते. कारखान्यात तयार झालेल्या नायट्रेटमध्ये हवेतील ऑक्सिजनची खूण राहते. युरियापासून मातीत तयार झालेल्या नायट्रेटमध्ये ती तशी आढळत नाही. त्यामुळे शेती आणि खाण यांचा वाटा वेगळा करण्याची वाट खुली होते. स्फोटकांच्या साठ्याचा आणि वापराचा हिशेब ठेवणे परवानाधारकांवर बंधनकारक आहे आणि या व्यवहाराचे नियमन करणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. वापराचे आकडे आणि पाण्यातील नायट्रेटचे आकडे शेजारी ठेवण्यास नव्या यंत्राची आवश्यकता नाही.

गोंडवाना विद्यापीठाची स्थापना २०११ मध्ये झाल्यापासून दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये एका छत्राखाली आली आहेत. महागडे यंत्र प्रत्येक ठिकाणी असणे शक्य नाही. परंतु योग्य रीतीने, तीस ठिकाणांहून, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, शुद्ध परिसराच्या तुलनेसह नमुने गोळा करणे हे काम रसायनशास्त्र, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र या विभागांना मिळून करता येईल. सुरजागडसारख्या ज्या परिसरात खाणकाम अलीकडच्या वर्षांत वाढले आहे, तेथे आजची स्थिती नोंदविली गेली नाही तर उद्याच्या कोणत्याही मोजणीला तुलनेचा आधार राहणार नाही. अशी नोंद हाती असेल तरच पुढील अहवालातील 'आढळले नाही' या चार अक्षरी-दोन अक्षरी शब्दांवर गावाला आणि न्यायालयाला विश्वास ठेवता येईल.